पावसाळ्यातला रुसलेला संगणक

लोणावळ्याचा पाऊस घरात राहावयास येतो. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक सरी झेलणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर काडेपेटी पेटत नाही, पापड सादळतात, कपाटातील चामडी पट्ट्यांवर बुरशी चढते. याच पाण्यावर १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण होऊन मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. आमच्या घरचे दिवे मात्र पहिल्या मोठ्या सरीत जातात. गेल्या आषाढात आमचा संगणकही या दमट हवेला कंटाळला.

आमच्या यजमानांना अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वाचाघात झाला. शब्द मनात असतो, ओठांवर येत नाही. आठवड्यातून दोनदा पुण्याच्या वाचा-उपचारतज्ज्ञ पडद्यावरून त्यांचा सराव घेतात. उजव्या बाजूचे त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे मोबाइलच्या चिमुकल्या चित्रांचा उपयोग नव्हता. मोठा पडदाच हवा. अशा वेळी बटण दाबावे, पंखा फिरावा, आतून सुरात टीं-टीं व्हावे आणि पडदा काळाच राहावा! दोन-तीन खटपटींनंतर एखादे वेळी सुरू होई. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच "मदरबोर्ड गेला, नवाच घ्या" असे सांगितले. मला ते पटेना.

यांच्या रक्तदाबाच्या वहीतच मी आठवडाभर संगणकाच्याही नोंदी केल्या: वेळ, पाऊस, वीज गेली होती का, पडद्यावर काय आले. रुग्णसेवेने लागलेली ही सवय. सकाळी, रात्रभर पाऊस झाला असता, तो हटकून रुसे. दुपारी खोली उबदार झाल्यावर बहुधा चाले. शिवाय विजेच्या भीतीने भिंतीवरचे बटण बंद केलेल्या रात्रीनंतर सुरू झालाच, तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असे, आणि चुकीच्या तारखेमुळे भेटीचे संकेतस्थळ 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून दार लावून घेई. म्हणजे दुखणी दोन होती.

वही पाहून शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणाला, "काकू, निदान तुम्हीच केलंत." तारीख लक्षात ठेवणारी, नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली होती. भिंतीवरून वीज असेपर्यंत ते लपून राहते. आणि टीं-टींचे कारण होते स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम; तिच्या सोनेरी टोकांवर दमटपणाने मळ धरला होता.

त्याने प्रथम प्लग काढला, मग उरलीसुरली वीज जावी म्हणून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले. पेटी त्याने टेबलावर घेतली. आमच्या वयात टेबलाखाली वाकून चक्कर येण्याचा धोका का घ्यावा? पेटीच्या उघड्या धातूला हात लावून त्याने पट्टी काढली, तिची टोके पेन्सिलच्या मऊ खोडरबराने हलकेच पुसली, कण झटकले आणि दोन्ही कडांच्या खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत ती बसवली. वीजपुरवठ्याच्या बंद डब्याला मात्र त्याने हात लावला नाही. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून असू शकते.

बॅटरी बदलली. जुनी मी लगेच चिकटपट्टीत गुंडाळून नातवंडांच्या हातापलीकडे ठेवली. ही चपटी चकती मुलाने गिळली, तर अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकते. रडू नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

संगणक पहिल्याच दाबात उठला. त्या आठवड्यातला एक सराव हुकला होता, तेव्हा मी स्वयंपाकघरातून चमचा, वाटी, किसणी आणून ताटात मांडली होती. यांनी 'वाटी' स्पष्ट म्हटले; किसणीला बराच वेळ 'ती... ती...' म्हणत राहिले आणि मग हसले.

त्यानंतर मी सरावाची चित्रे मोठ्या आकारात छापून घेतली. औषधांची यादी, डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक आणि ती चित्रे आता एका प्लॅस्टिकच्या पाकिटात फडताळात आहेत. पावसाळाभर संगणक रोज अर्धा तास सुरू ठेवते, सराव असो वा नसो. आतल्या उबेने ओल धरत नाही. आता किसणीचे चित्र आले की हे आधी माझ्याकडे पाहतात.