काळ्या मातीकडून पांढऱ्या मातीकडे

आमच्या गांवाचें नांव समुद्रपूर. समुद्र मात्र येथून शेंकडों मैल दूर. सभोंवार कपाशीची काळी जमीन. जामच्या चौरस्त्यावरून दक्षिणेस वळून वरोरा ओलांडलें, कीं कोळशाच्या खाणींचा मुलूख लागतो आणि भद्रावती, म्हणजे जुनें भांदक, येतें. विजासनचीं बौद्ध लेणीं, भद्रनागाचें देऊळ व जैनांचें पार्श्वनाथमंदिर पाहून बहुतेक यात्रेकरू परततात. परंतु कृष्णमूर्ति मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्यांनीं कुंभारकामासाठीं ग्रामोदय संघ येथेंच उभा केला, हें थोड्यांसच ठाऊक असतें. वर्ध्यास १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ निघाला व १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें मगनसंग्रहालय उघडलें. त्याच विचाराचें हें फळ होय.

आपल्या घरांत मडकें विटाळलें तर टाकून देत, पण लोणच्याची चिनी मातीची बरणी धुऊन पुन्हां फळीवर ठेवीत. या भेदाचें कारण भट्टींत आहे. साध्या भट्टींतलें मडकें सच्छिद्र राहतें व ओल शोषून घेतें. चिनी मातीचें भांडें त्याहून पुष्कळ अधिक उष्णतेंत भाजतात. माती आंतून घट्ट होते आणि वरील झिलई कांचेसारखी बनते. शुभ्र पोर्सलेनला सुमारें १३०० अंश उष्णता लागते. त्याचें पातळ भांडें उजेडासमोर धरिलें तर प्रकाश आरपार दिसतो.

या कामांत जपानचें आरिता गांव प्रसिद्ध आहे. हिदेयोशीनें कोरियावर स्वाऱ्या केल्या (१५९२–९८), तेव्हां तेथील कुंभार जपानांत आणले गेले. त्यांपैकीं यी सामप्योंग यास १६१६ सालीं आरितानजीक योग्य दगड सांपडला, अशी परंपरा आहे. तो दगड कुटून, पाण्यांत निवळून, त्याची माती करितात. चित्र नसलेल्या शुभ्र भांड्यास तेथें ‘हाकुजी’ म्हणतात. त्यांत लोहाचा एक कण राहिला तरी डाग पडतो, आणि तो झांकावयास वेलबुट्टी नसते. या कलेसाठीं आरिताचे इनोउए मांजी यांस १९९५ सालीं जपान सरकारनें राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविलें.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पकडून आणलेल्या त्या परक्या कुंभाराचें स्मारक आरिताकरांनीं १९१७ सालीं देवस्थानाच्या टेकडीवर उभारिलें. त्या देवस्थानाची एक कमानही पोर्सलेनची आहे. उद्दालकानें श्वेतकेतूस ब्रह्मज्ञान सांगतांना मातीच्या गोळ्याचा दृष्टांत घेतला. तो आपण पिढ्यान् पिढ्या शिकविला, पण गोळा मळणाऱ्या हातास ओसरीवर बसविलें नाहीं. आज घरोघर प्लास्टिक व पोलाद आलें असून गांवचे आवे विझत आहेत. कुंभाराचा मुलगा चाक सोडून मजुरीस गेला, तर ती विद्या ग्रंथांतून परत मिळणार नाहीं, कारण ती बोटांत असते.

वाचकांनीं भद्रावतीस जावें, तेव्हां लेण्यांबरोबर मातीचें कामही पाहावें. आणि उन्हाळ्याचा माठ घेतांना कुंभाराशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. सन्मानाचा आरंभ एवढ्यापासूनही होतो.