खुलताबादचा मुक्काम

प्रवासास निघणाऱ्या कुटुंबात तिकिटांची चर्चा महिनाभर चालते, बरोबर न्यावयाच्या फराळाची आठवडाभर चालते, आणि उतरावयाचे कोठे या प्रश्नाचा निकाल मात्र कोणी एखादा व्याही अथवा मेहुणा एका वाक्यात लावून टाकतो. ‘तेथे आमच्या माहितीचे उत्तम हॉटेल आहे’ एवढे शब्द कानी पडले की वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. आमच्या घरी २०१६ साली असेच झाले, आणि त्याचे परिणाम आम्हांस पुढे आठ वर्षे पुरले.

आमचे वडील बंधू, ज्यांस आम्ही सर्वजण दादा म्हणतो, आणि वहिनी यांनी नोकरी संपल्यावर हळूहळू एकेक करून अकरा ज्योतिर्लिंगे केली होती. बारावे घृष्णेश्वर तेवढे राहिले होते. दूरची सर्व झाली आणि घरचे राहिले, असा प्रकार. वहिनींनी काशीहून आणलेला गंगेचा एक सीलबंद गडू याच दर्शनासाठी देवघरात राखून ठेवला होता. श्रावणी सोमवार साधावा अशी त्यांची इच्छा. भाड्याची गाडी ठरली, आणि उतरण्याची सोय एका स्नेह्यांच्या शिफारशीवरून औरंगाबाद शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावर विमानतळाच्या बाजूस झाली. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, त्या प्रवासाच्या वेळी ते औरंगाबादच होते.) खोल्या स्वच्छ होत्या, लिफ्ट होती, न्याहारीही चांगली होती. दोष जागेचा नव्हता. दोष ती जागा जेथे होती तेथे आम्ही उतरलो, हा होता.

आम्ही वाईहून पुणे-नगर मार्गे आलो. त्या वाटेने येणारा मनुष्य वाळूज ओलांडून शहराच्या पश्चिम टोकास, नगर नाक्यावर पोचतो. दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ यांचा रस्ता तेथूनच डाव्या हातास फुटतो. म्हणजे आम्ही देवाच्या रस्त्यावर येऊन ठेपलो होतो, आणि निजण्याकरिता सबंध शहर ओलांडून दुसऱ्या टोकास गेलो. दुसरे दिवशी सकाळी तेच शहर पुन्हा उलट ओलांडले. पुढे दौलताबादेस रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जात असे. त्या दरवाजातून एका वेळी एकच मोठे वाहन जेमतेम निघे, आणि श्रावणात वाहनांची रांग कोसभर लांबे. वेरुळास आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. दर्शनाची रांग पाहूनच दादांचा चेहरा उतरला. दीड तास वहिनी उभ्या राहिल्या. मग त्यांचे गुडघे राहीनात. आम्ही रांग सोडली, शिखरास हात जोडले आणि परतलो. गडू तसाच पिशवीत होता. परतीच्या वाटेवर त्या फक्त एवढेच म्हणाल्या, ‘पुढच्या खेपेस जवळच राहू.’

वहिनी २०१९ साली गेल्या. पुढे महामारीची दोन वर्षे कोणी कोठे हललेच नाही. २०२३ च्या दिवाळीत एके दिवशी दादांनी आपण होऊन गडूचा विषय काढला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. पुण्याच्या पुतण्याने उत्साहाने फोनवर खोल्या पाहण्यास आरंभ केला, तेव्हा मी प्रथमच या कामी मास्तरकी गाजवली. म्हटले, या वेळी मुक्काम मी ठरवणार. नकाशा काढला आणि दोन दिवस त्याजवर पेन्सिल फिरवली.

त्या शहरात प्रवाशाने कोठे उतरावे हे त्याला कोणीकडे जावयाचे आहे यावर ठरते, शहर किती सुंदर आहे यावर नव्हे. ज्यास अजिंठ्यास जावयाचे आहे, त्याचा रस्ता हर्सूलवरून उत्तरेकडे निघतो आणि अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. त्याने सिडकोच्या अंगास उतरावे हे बरे. विमानाने येणाऱ्यासही तोच भाग सोयीचा, कारण चिकलठाण्याचे विमानतळ तिकडेच. ज्यास वेरुळास जावयाचे आहे, त्याने स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, समर्थनगर, फार तर छावणीपर्यंतचा पश्चिम भाग धरावा. ज्यास पैठणी, हिमरू घ्यावयाचे आहेत, मलिक अंबरच्या खडकी गावाच्या खुणा पाहावयाच्या आहेत, त्याने गुलमंडीजवळ उतरण्यास हरकत नाही. राजाबाजारातील संस्थान गणपती, खडकेश्वराचे देऊळ, सिटी चौक ही सर्व तेथून पायी होतात. मात्र त्या गल्ल्यांत गाडी उभी करण्यास जागा मिळेल असे गृहीत धरू नये, आणि वृद्ध माणूस बरोबर असल्यास तिकडे फिरकू नये. पुतण्याने सुचवलेली जागा पुन्हा सिडकोतच होती. तरुणांना पत्त्यापेक्षा छायाचित्रे अधिक दिसतात.

परंतु पेन्सिल फिरवता फिरवता माझे लक्ष शहराबाहेर गेले. शहरापासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आणि खुलताबाद सुमारे २५. म्हणजे खुलताबादेहून वेरूळ जेमतेम पाच किलोमीटर, घाट उतरला की झाले. शिवाय दौलताबादचा तो दरवाजा मागे राहतो. मग शहरात राहावयाचेच कशाला?

हा प्रस्ताव मांडताच घरात वादळ झाले. पुतण्या म्हणाला, ‘काका, ते थडग्यांचे गाव आहे. दादांना तेथे ठेवणार?’ सूनबाईंनाही ते अशुभ वाटले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. ‘खुल्द’ म्हणजे अमरलोक. त्यावरून हे नाव पडले आणि मराठी जिभेने त्याचे खुलताबाद केले. त्यापूर्वी गावास रौजा म्हणत. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा अनेक लोक नाइलाजाने येथे राहावयास आले. मुक्कामाची निवड दुसऱ्याने केली म्हणजे काय होते याचे इतिहासातले हे सर्वांत मोठे उदाहरण म्हणावे लागेल. त्या काळात आलेले सूफी साधू या टेकडीवर स्थिरावले. पुढे मलिक अंबर, पहिला निजाम आसफजाह अशी माणसे शेवटच्या विश्रांतीसाठी या साधूंच्या आसपास येत गेली. औरंगजेब १७०७ मध्ये नगर येथे वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्यासही येथेच, शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. मी पुतण्यास म्हटले, ‘अरे, एवढ्या लोकांनी विचार करून जो शेजार निवडला, तेथे आपण दोन रात्री राहण्यास काय हरकत आहे?’ त्यास विनोद रुचला नाही.

दादांना मात्र वेगळेच कारण पटले. खुलताबादेस भद्रा मारुती आहे. मारुतीची मूर्ती येथे उभी नसून निजलेली आहे. भद्रसेन राजाचे रामभजन ऐकता ऐकता मारुतिराय तेथेच आडवे झाले, अशी आख्यायिका सांगतात. दादा म्हणाले, ‘जेथे मारुती विश्रांती घेतो तेथे मला काय होणार?’ वाद तेथेच मिटला.

दिवसांची निवड हाही मुक्कामाच्या निवडीचाच भाग समजावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. शनिवारी भद्रा मारुतीस गर्दी लोटते. श्रावणातल्या शनिवारी तर शहरातून लोक रात्रभर पायी चालत येतात आणि जड वाहने माळीवाडा-कसाबखेडा मार्गाने वळवावी लागतात. सोमवार घृष्णेश्वराचा. रविवारी सर्वांनाच सुटी. आमच्यासारख्यांना बुधवार ते शुक्रवार एवढेच उरतात. दर्ग्याचा उरूस असेल त्या दिवसांत तर खुलताबादेत खोली मिळण्याची आशाच करू नये. जानेवारी २०२४ मधील पौषातला एक बुधवार धरून आम्ही निघालो: दादा, मी, पुतण्या आणि गडू.

दौलताबाद मागे पडल्यावर कागजीपुरा लागतो. हाताने कागद करण्याची तेथील विद्या फार जुनी आहे. मी लहानपणी पोथ्यांच्या नकला करीत असे, म्हणून गाडी थांबवून चार ताव घेतले. मग चढ लागला, हवा पालटली. खुलताबाद पठारावर असल्याने संध्याकाळी शहरापेक्षा गारवा चांगलाच जाणवतो. आमची जागा म्हणजे एक साधे भक्तनिवास होते. पलंग कठीण, खिडकीची एक कडी मोडलेली, गरम पाणी बादलीने आणावयाचे. परंतु खोली तळमजल्यावर होती, आणि दादांच्या दृष्टीने हीच लिफ्ट. जेवण पोळी, पिठले, वरणभात. मिरची थोडी अधिक. कोणास रात्री-अपरात्री मोठ्या डॉक्टरांची गरज लागण्याचा संभव असेल, तर त्यांनी मात्र शहरातच उतरावे, हे मी स्पष्टपणे सांगतो. आम्ही दादांची औषधे आणि तपासणीचे कागद बरोबर नेले होते, तरी पहिली रात्र मी जागाच होतो.

पहाटे अजान झाली, पाठोपाठ मारुतीची घंटा वाजली. दादा त्याच्याही आधी उठून, स्नान करून, शाल पांघरून बसले होते. आम्ही पावणेसहास निघालो आणि सहाच्या आत देवळापाशी पोचलो. ज्या वाटेस मागल्या खेपेस सबंध सकाळ गेली, तिला पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

घृष्णेश्वराचे देऊळ तांबूस दगडाचे आहे. वेरूळ ही भोसल्यांची पाटिलकी. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि आजचे देऊळ अठराव्या शतकात होळकर घराण्याने बांधविले. अहिल्याबाईंचे नाव त्याशी कायमचे जोडले गेले आहे. जवळच शिवालय नावाचे तीर्थ आहे. शिवपुराणातील घुश्मेची कथा या तीर्थाशी निगडित आहे: सवतीने तिचा पुत्र मारला तरी तिने नित्याची पार्थिव पूजा सोडली नाही, आणि लिंगे विसर्जित करण्यास ती तळ्यावर गेली तेव्हा पुत्र परत उभा राहिला. माझ्या मते घुश्मेश्वर हे रूप कथेशी अधिक जुळते. घृष्णेश्वर हे लोकांच्या तोंडी बसलेले दिसते. परंतु देवळाच्या दारात व्याकरण काढू नये, असे दादांनी मला डोळ्यांनीच सुचविले.

गाभाऱ्यात पुरुषांनी अंगावर वस्त्र न घेता जावे असा येथे प्रघात आहे. पौषाची थंडी, दगडाची फरशी, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंग. मी सदरा काढताना कापत होतो. दादा कापत नव्हते. रांगेत आमच्यापुढे सात-आठच माणसे होती. गाभाऱ्यात उतरताना पुतण्याने त्यांचा हात धरला, तो त्यांनी हलकेच सोडविला आणि खाली बसले. गडूचे सील त्यांच्या नखांनी निघेना. गुरुजींनी पळीच्या दांड्याने ते काढून दिले. मग पाणी लिंगावर पडले. एवढ्या वर्षांनी गडूत थोडेच पाणी उरले असेल अशी मला भीती होती. पण वहिनींनी सील वरून मेणाने पुन्हा पक्के केले होते, हे त्या वेळी समजले. धार पुष्कळ वेळ चालली. मागे कोणी ओरडले नाही, कोणी ढकलले नाही. दादा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन सभामंडपात नंदीजवळ ते बराच वेळ बसले, आणि मी व पुतण्या शालीची एकेक कड धरून उभे राहिलो.

साडेआठला आम्ही परत खोलीवर होतो. जवळ राहण्याचा खरा लाभ येथे कळला. शहरात उतरलेला प्रवासी देऊळ आणि लेणी एकाच दमात उरकतो, आणि दुपारी बारापर्यंत वृद्ध मनुष्य थकून जातो. दादा न्याहारी करून दोन तास झोपले. वेरूळची डोंगराची कड पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर ऊन लेण्यांच्या तोंडावर येते. तीन वाजता आम्ही कैलासाच्या प्रांगणात शिरलो तेव्हा सारे शिल्प उजळलेले होते. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, कळसापासून पायापर्यंत वरून खाली कोरीत आणलेले हे देऊळ. चौतीस लेण्यांपैकी आम्ही तेवढे एकच नीट पाहिले. दादा हत्तीच्या चौथऱ्यापाशी बसून होते आणि पुतण्या माझ्याकडून एकेक प्रसंग समजावून घेत होता. पाच वाजता दादा म्हणाले, ‘बस, आता घरी.’ घरी म्हणजे खुलताबादेस.

दुसरे दिवशी रिक्षाने शूलिभंजनास गेलो. दत्ताचे ते स्थान टेकडीवर आहे. एकनाथांनी गुरू जनार्दनस्वामींच्या आज्ञेने तेथे तप केले असे मानतात. परत येताना मी औरंगजेबाची कबर पाहिली. उघड्या आकाशाखाली साधी माती, वर सब्जाचे रोप, भोवतीची संगमरवरी जाळी मागाहून लॉर्ड कर्झनच्या काळात बसविलेली. दादा आत आले नाहीत. चपला राखीत दाराशी बसले, आणि तेथल्या एका वृद्ध गृहस्थाशी गुडघेदुखीच्या औषधांविषयी बोलत राहिले. (मार्च २०२५ मध्ये या कबरीवरून मोठे वादंग माजले आणि तेथे कडक बंदोबस्त बसला. त्यानंतर जाणाऱ्याने आधी चौकशी करून जावे.) म्हैसमाळचे पठार तेथून फार दूर नाही, पण दादांना आता काही पाहावयाचे उरले नव्हते.

शुक्रवारी सकाळी निघालो. पुतण्याने हिशेब केला, तर तीन माणसांचे दोन रात्रींचे राहणे व जेवण मिळून २०१६ च्या एका रात्रीच्या खोल्यांपेक्षा कमी भरले होते. भक्तनिवासाच्या नळावर त्याने रिकामा गडू धुतला आणि पिण्याच्या पाण्याने भरून घेतला. नगरपर्यंत आम्ही तिघे त्यातलेच पाणी प्यालो.