मतपरिवर्तनाची नोंद

साहित्याचा अध्यापक म्हणून माझ्या ज्या निर्णयाची मला आजही खंत वाटते, तो एखाद्या कवितेविषयीचा नाही. एका अमेरिकन बँडविषयीचा आहे. ‘मेटॅलिक हार्डकोर’ या संगीतप्रकारात पंकची धाव आणि मेटल गिटारींचा जडपणा एकत्र येतात. गाण्याची गती एकाएकी मंदावते, आघात जड होतात आणि पुढे उसळलेले श्रोते गायकाने समोर धरलेल्या माइकमध्ये स्वतःच ओरडू लागतात. कलावंत आणि श्रोता यांच्यातील अंतर पुसण्याचा दावा या संगीताच्या मूल्यव्यवस्थेतच अनुस्यूत आहे.

या प्रकाराच्या चाहत्यांची मते कशी बदलतात, यावर प्रबंधिका लिहिण्याचा प्रस्ताव २०१७ साली एका विद्यार्थ्याने माझ्याकडे आणला. त्याचे उदाहरण होते पिट्सबर्गच्या ‘कोड ऑरेंज’चे. २०१२ साली ‘कोड ऑरेंज किड्स’ या नावाने ‘डेथविश’ या छोट्या कंपनीतर्फे पहिला अल्बम काढणाऱ्या या बँडने २०१४ मध्ये नावातील ‘किड्स’ गाळले आणि जानेवारी २०१७ मध्ये ‘रोडरनर’ या मोठ्या कंपनीतर्फे ‘फॉरएव्हर’ प्रसिद्ध केला. त्यात इलेक्ट्रॉनिक ध्वनींचे तुटक तुकडे होते, रेबा मायर्स यांनी गायलेले सुरेल गाणेही होते. काही जुन्या चाहत्यांना हा द्रोह वाटला. पहिल्या अल्बमचा मीही चाहता. ‘बाजाराला शरण गेलेल्यांवर प्रबंधिका कशाला?’ असे मी म्हणालो. ‘सर, तुम्ही तो पूर्ण ऐकलात का?’ त्याने विचारले. मी दोनच गाणी ऐकली होती. त्याने विषय बदलला.

त्याच सत्रात मी याउस यांची १९६७ सालची ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची मांडणी शिकवीत होतो: कृती वाचकाच्या अपेक्षेपासून जितकी दूर जाते, तितकी तिची कलात्मक क्षमता अधिक. हे फळ्यावर लिहिणारा मी ते अंतर ऐकताच मात्र त्याला द्रोह म्हणत होतो. पुढे अल्बम सलग ऐकला, तेव्हा ते तुटक ध्वनी मला सजावट न वाटता हार्डकोरमधील त्या कोसळत्या गतीचाच विस्तार वाटले. माझी अपेक्षा मुळात ध्वनीची नव्हतीच. ती आपलेपणाची होती. बँड मोठा झाला म्हणजे तो ‘आपला’ उरत नाही, या दुःखाला मी रूपविषयक निर्णयाचा वेश चढविला होता.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे केंटकीच्या ‘नॉक्ड लूज’मुळे अधिक स्पष्ट झाले. या बँडचा २०२४ सालचा अल्बम अर्ध्या तासाहूनही छोटा आणि कमालीचा कठोर आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो बँड अमेरिकन दूरचित्रवाणीच्या एका रात्रीच्या कार्यक्रमात आपले गाणे गाऊन गेला. प्रसिद्धी वाढली की रूप मवाळ होतेच, हे समीकरण तेथे टिकत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने ‘सहृदय’ कल्पिला; पण त्या हृदयालाही वय असते, सोबत असते, गमावल्याची भीती असते. मत बदलणे हा रसिकाचा दोष नव्हे. पूर्वीचे मत कोणत्या आधारावर दिले होते, हे न सांगता नवे मत मांडणे हा समीक्षकाचा दोष आहे. चाहता एक वेळ तसे करू शकतो. त्याच्या शब्दावर कुणाची प्रबंधिका अडत नाही.

काही वर्षांनी त्या विद्यार्थ्याला मी पत्र लिहून चूक मान्य केली. त्याचे उत्तर आले: त्याला आता तो बँड आवडत नाही, २०२३ सालचा अल्बम ऐकून तो दुरावला. कारणे मात्र त्याने गाण्यागणिक दिली होती, दोन पाने भरून. जी प्रबंधिका मी होऊ दिली नाही, तिचे ते पहिले प्रकरण होते.