अपील न करण्याचा सल्ला

सरकारी वकिलाचे कसब युक्तिवादात दिसते, असा समज आमच्या व्यवसायातही पक्का आहे. मला तो पटत नाही. सरकारविरुद्ध निकाल गेल्यावर अपील करावे की नाही, यावर तो जे लेखी मत देतो, त्यातच त्याचा कस लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 165 नेही महाधिवक्त्याच्या कर्तव्यांत सरकारला सल्ला देणे आधी सांगितले आहे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला हीच दृष्टी लागू पडते, आणि ती पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याइतकी क्वचितच कुठे तपासून पाहता येते. तिथले भाटघर धरण 1928 मध्ये पूर्ण झाले. पुढे पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी आली. भाटघरचे पाणी खाली बारामती-इंदापूरच्या शेतांना मिळाले, पानशेतचे पुण्याच्या नळांना. बुडाली ती भातखाचरे आणि वरकस जमिनी, वरच्या खोऱ्यातल्या. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कलम 11 चा मोबदल्याचा निवाडा मान्य नसेल, तर खातेदाराला कलम 18 खाली प्रकरण दिवाणी न्यायालयात न्यावे लागे, आणि निवाड्याच्या वेळी तो हजर असेल तर अर्जाला मुदत अवघी सहा आठवड्यांची. ही मुदत ज्यांची हुकली, त्यांच्यासाठी 1984 मध्ये कलम 28-अ आले: त्याच अधिसूचनेखाली शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर तीन महिन्यांत अर्ज करून आपलाही मोबदला फेरठरवून घेता येई. म्हणजे एका निकालाविरुद्ध केलेले पोकळ अपील एकट्या शेतकऱ्याला अडवत नव्हते. त्या निकालाकडे डोळे लावून बसलेले सारे गाव त्यात रखडत होते.

यावर पहिला आक्षेप असा, की पैसा जनतेचा आहे, वकिलाने तो उदारपणे वाटायचा नाही. बरोबर आहे. अधिसूचनेच्या तोंडावर फुगवलेल्या खरेदीखतावर भाव ठरला असेल, तर अपील करणे हे कर्तव्यच. पण दाखला खरा, जमीन तशीच आणि न्यायालयाने वजावट योग्य धरलेली, तरी केवळ जबाबदारी अंगावर नको म्हणून केलेले अपील तिजोरी वाचवत नाही. 1894 च्या कायद्याच्या कलम 28 प्रमाणे वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी 9 आणि पुढे 15 टक्के व्याज चढे. हरणारे अपील जितके लांबते, तितका जनतेचाच पैसा जातो.

दुसरा आक्षेप जड आहे. नेमणूक सरकारच्या हातात, मग 'अपील नको' असे लिहिण्याचे बळ यायचे कुठून? महाधिवक्ता तर राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. मोतीलाल सेटलवाड यांनी 1942 मध्ये मुंबईचे महाधिवक्तापद सोडले, पण राजीनामा परवडणारा वकील निराळा आणि तालुक्यातून वर आलेला निराळा. उत्तर प्रदेशने सगळे जिल्हा सरकारी वकील एका आदेशाने काढले, तेव्हा 1990 मध्ये श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि या पदाला सार्वजनिक स्वरूप आहे, असे म्हटले. 2004 मध्ये जोहरी मल प्रकरणात हे संरक्षण बरेच आकसले. म्हणून नेमणुकीच्या निकषांत किती दावे जिंकले याबरोबर किती निकाल स्वीकारायला सांगितले आणि ते मत पुढे बरोबर ठरले का, हेही शासनाने पाहावे. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याखालीही मोबदल्याचे वाद उभे राहत आहेत. हा निकष आताच लागू करायला हवा.