लेखांची वंशावळ

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या चोपड्यांविषयी आम्हांस मोठा आदर वाटतो. आडनाव आणि मूळ गाव सांगावे, की ते आपणांस थेट पणजोबांच्या हस्ताक्षरापर्यंत नेऊन पोहोचवितात. विद्वानांच्या लेखाखाली येणारी संदर्भांची यादी ही अशीच पूर्वजांची नामावळी होय. परंतु लेखाचे वंशज कोण, हे त्या यादीवरून कसे कळावे?

अमेरिकेतील वकिलांस ही सोय जुनीच होती. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, हे सांगणारी शेपर्डची सूची तेथे १८७३ पासून निघत होती. तीच युक्ती शास्त्रीय लेखांस लावावी, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचविले आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची प्रसिद्ध केली. आज तीच 'वेब ऑफ सायन्स'मध्ये सामावून पडद्यावर आली आहे. एका लेखावर बोट ठेवताच त्याची मुले-नातवंडे रांगेने उभी राहतात!

या खेळाचा आम्हांस छंदच आहे. आणि आमचा आवडता लेख म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे काढण्याचे एक सूत्र दिले. लेख अवघा चार पानांचा. त्याचे साल कोणी १९४३ देतात, कोणी १९४४. म्हणून शोधणाराने सालावर न विसंबता खंड व पृष्ठांक धरून चालावे. हे सूत्र जनुकीय नकाशे काढणारे आजही 'कोसंबी' या नावानेच वापरतात. मात्र मूळ लेखाचा हवाला प्रत्येक जण देतोच असे नाही. ज्ञान अंगवळणी पडले, की त्याची गणती थांबते!

आणि आता तर या गणतीवर विद्वानांच्या नेमणुका व बढत्या ठरू लागल्या आहेत. तरुण विद्यार्थी आम्हांस निःशंकपणे सांगतात, "सर, सूचीत काही सापडत नाही, म्हणजे या विषयावर कामच झालेले नाही." हे ऐकून आमच्या काळजात चर्र होते. या सूच्यांचा भर इंग्रजी नियतकालिकांवर. मराठी लेखनास तेथे क्वचितच थारा मिळतो. कोसंबींचे वडील धर्मानंद यांनी 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो एकाने वाचून दुसऱ्याच्या हाती दिला, घराघरांत त्यावर वाद झाले. त्या वादांच्या तळटिपा कोण लिहिणार?

म्हणून विद्यार्थ्यास आम्ही सूची अवश्य पाहावयास सांगतो. तेथे काही न मिळाले, तर जुन्या मासिकांच्या बांधीव फायली ज्या ग्रंथालयात आहेत, त्याचा पत्ता देतो, आणि सवड असल्यास स्वतःही बरोबर जातो.