आधी ओल, मग सुगंध

भाद्रपदात गणपतीसाठी मुंबईहून आलेला चाकरमानी मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडचं आपलं घर उघडतो, तेव्हा सगळ्यात आधी सामोरा येतो तो कुबट वास. मे महिन्याच्या अखेरीला दाराला कुलूप लागलेलं असतं. मधले तीन महिने कौलांवर पाऊस कोसळत राहिला, आतली हवा मात्र जागची हलली नाही. गाद्या, गोधड्या, फडताळातले कपडे, गणपतीचा पाट, सगळ्यांना तोच वास लागलेला. मग बाजारातून सुगंधी फवारा येतो, उदबत्तीचे पुडे फुटतात आणि संध्याकाळपर्यंत घरात गुलाब आणि बुरशी शेजारी शेजारी नांदू लागतात. इथं क्रम चुकतो असं मला वाटतं. घर ताजं राहतं ते ओल घालवल्यानं. सुगंधाचा मान मोठाच आहे, पण त्याची पाळी शेवटची.

हा वास ओलीवर वाढणाऱ्या बुरशीचा आणि जिवाणूंचा असतो. त्यांनी हवेत सोडलेल्या द्रव्यांतलं एक म्हणजे जिओस्मिन. मृगाच्या पहिल्या सरीनंतर खळ्यातल्या मातीला जो वास सुटतो, ज्याला 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं, त्यातही हेच जिओस्मिन असतं. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी माणसाचं नाक त्याला ओळखतं. खळ्यात तो वास सुखावतो, कारण तिथं भिजणं हा मातीचा धर्मच आहे. कपाटात तो आला म्हणजे जिथं ओल नको तिथं ती मुरली. कुबट वास ही एक खबर असते आणि फवारा ती खबर दाबून टाकतो. तीच खबर स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीतही मिळते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं, आणि बुरशीलाही साधारण त्याच सुमारास जोर चढतो. किनाऱ्यावर तर खाऱ्या वाऱ्यानं पडद्यांवर, चादरींवर मिठाचा अंश बसलेलाच असतो, आणि ते मीठही तसंच पाणी ओढतं. म्हणून पावसाच्या तोंडावर घरातलं सगळं कापड गोड्या पाण्यातून काढून मेच्या उन्हात कडकडीत वाळवणं हा इथला पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. भिंतींचंही तसंच. जांभ्याचा चिरा सच्छिद्र, तो ओल पितो आणि सोडतो. त्यावर चुन्याची सफेदी असली तर ओलीला बाहेरची वाट मोकळी राहते, शिवाय चुना इतका अल्कधर्मी की त्यावर बुरशी सहज धरत नाही. एकेकाळी या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. आता त्याच चिऱ्यावर प्लॅस्टिकचा रंग चढतो आणि आत अडकलेली ओल पोपड्यांच्या रूपानं बाहेर पडते.

यावर कुणी म्हणेल, भर आषाढात खिडक्या उघडल्या तर बाहेरची ओलच आत येणार. संततधारेच्या दिवशी हे खरं आहे. त्या दिवशी खिडकी मिटलेलीच बरी. पण घरातली सगळी ओल काही आभाळातून येत नाही. पेजेची वाफ, न्हाणीतलं पाणी, दोरीवरचे ओले कपडे ही घरातच तयार होणारी ओल आहे आणि तिला बाहेर जायला वाट हवी. शिवाय बुरशीला साचलेली हवा मानवते. वारा फिरत राहिला तर पृष्ठभाग तेवढा लवकर सुकतो. तेव्हा उघडीप पडली, ऊन चमकलं की तासभर समोरासमोरची दारं-खिडक्या सताड उघडावीत. जुन्या कौलारू घराला हे कुणी सांगावं लागलं नाही. कौलांच्या फटींतून ते सतत वारा घेत असे. स्लॅब आणि सरकत्या काचांच्या घरात मात्र हे काम माणसानं आठवणीनं करायचं असतं. घर बंदच ठेवायचं असेल तर कपाटांची दारं उघडी टाकावीत, गाद्या भिंतीपासून हातभर दूर उभ्या कराव्यात आणि शेजारी किल्ली ठेवून आठवड्यातून एकदा दारं उघडायला सांगावं. माडाच्या करवंटीचा कोळसा फडक्यात बांधून कपाटात ठेवला तर तोही थोडा वास शोषतो. पाण्याच्या गाळणीतला सक्रिय कोळसा पुष्कळदा करवंटीचाच असतो. घरचा कोळसा त्याच्याइतका समर्थ नसतो, पण फुकट मिळतो.

माशांच्या वासाची गोष्ट निराळी. जून-जुलैच्या मासेमारीबंदीसाठी आगोटीला सुका बांगडा, जवळा घरात भरलेला असतो आणि त्याचा वास आला तर त्यात शरमण्यासारखं काही नाही. मासळीच्या वासावरून माणसांना खालचं ठरवण्याची खोड आपल्या समाजात जुनी आहे. शहरातल्या सोसायट्यांमध्ये तिनं नवे कपडे घातले आहेत, आणि ताजेपणाच्या नावाखाली तिला घरात घेणं मला मान्य नाही. सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की तिचा वास तिच्यापाशी राहतो. प्रश्न उरतो तो खरकट्या भांड्यांचा, विळीचा, मोरीचा. शिळ्या मासळीच्या वासात ट्रायमिथिलअमाईन असतं आणि ते अल्कधर्मी. आंबट पदार्थ लागला की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि त्याचं हवेत उडणं थांबतं. इथं अनेक जण खाण्याचा सोडा सुचवतात, पण सोडा स्वतःच अल्कधर्मी. आंबलेल्या दुधाच्या किंवा घामाच्या वासावर तो उपयोगी, बांगड्याच्या भांड्यावर नाही. तिथं लिंबाची पिळलेली फोड हवी, चिंचेचा चोथा हवा, नाहीतर सारातून काढलेलं आमसूल. कोकमाच्या जिल्ह्यात हे औषध रोज फेकून दिलं जातं.

धुराच्या बाबतीत मात्र परंपरेचंही ऐकू नये असं मी म्हणेन. चुलीच्या धुरानं माळ्यावरचे वासे कोरडे राहात, कीड लागत नसे, हे खरं. पण त्याची किंमत चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांनी मोजली. धूप, ऊद, उदबत्ती यांच्या धुरातही अतिसूक्ष्म कण असतात. डास पळवायच्या कॉईलचं तर 2003 च्या एका अभ्यासात असं आढळलं, की एका कॉईलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. देवापुढची एक उदबत्ती, खिडकी उघडी ठेवून, एवढ्याला माझी हरकत नाही. बंद खोलीत, दमेकऱ्याच्या उशाशी धुरी नको. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या तर कधीच नकोत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीननं फुटू शकतात, आणि कुठल्या बाळाला ती कमतरता आहे हे घरात पुष्कळदा ठाऊकच नसतं.

एवढं झालं की घर सुगंधाला लायक होतं, आणि मग फार थोडा सुगंध पुरतो. सुकलेल्या बकुळीची, म्हणजे इथल्या ओवळांची, पुरचुंडी साड्यांच्या घडीत महिनोन्‌महिने दरवळते. वाळ्याची जुडी कपड्यांत ठेवावी, उन्हाळ्यात पाण्याच्या माठात सोडावी. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला वेंगुर्ल्याकडं आरवली, आसोली, शिरोड्याच्या भागात सुरंगी फुलते. तिचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात, आणि वळेसर सुकला तरी त्याचा वास जात नाही. सुरंगीची कळीही सुकवून अत्तरासाठी बाहेरगावी जाते. एखाद्या दूरच्या कारखान्यातली बाटली बारा महिने एकच वास देते. सुरंगी काही आठवडेच असते आणि बाकीचं वर्ष घर आपापल्या ऋतूच्या वासाचं राहतं, ते मला अधिक बरं वाटतं. पहाटे झाडावर चढून फुलं काढणाऱ्याला आणि वळेसर ओवून टोपलीत मांडणाऱ्या बाईला त्यातून चार पैसे मिळतात. म्हणून बाजारात तिच्याशी घासाघीस न करता दोन वळेसर जास्तच घ्यावेत: एक माळायला, एक कपाटात.