तारेचं मधलं वय

बेस गिटारची तार सहसा तुटत नाही. साध्या गिटारची वरची बारीक तार ऐन गाण्यात तटकन तुटते आणि अख्ख्या मांडवाला कळतं. बेसची तार मात्र मुकी होत जाते. ताण तोच असतो, सूर लावला तर लागतो, पण त्या सुरावरची झळाळी हळूहळू उतरते आणि शेवटी नुसता धप्प आवाज उरतो. रोज वाजवणाऱ्याला हे होताना ऐकूच येत नाही. तारा जास्त दिवस टिकवायच्या असतील तर आधी त्यांचं वय कानाला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जाड तार म्हणजे ‘ई’. ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. एवढा खर्जाचा सूर ३४ इंचांच्या लांबीतून काढायचा तर तार जड हवी आणि तरीही लवचिक हवी. नुसती जाड सळई ताणली तर ती गाणार नाही. म्हणून आत पोलादी गाभा असतो आणि त्याच्यावर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वेढे. ताण गाभा सोसतो, वजन वेढ्यांचं असतं. म्हातारपण साचतं ते या वेढ्यांमधल्या खाचांत. बोटांचा घाम, त्यातलं मीठ, कातडीचा तेलकटपणा, मेलेल्या त्वचेचे कण, हवेतली धूळ, सगळं तिथे जाऊन बसतं. वेढ्यांची हालचाल जखडते आणि कंपाची ताकद घर्षणात जिरायला लागते. वरचे उपस्वर आधी विझतात, मूळ सूर सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. मळ सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे तारेचं वजनही कुठे कमी कुठे जास्त होतं. मग मोकळी तार सुरात लागते आणि बाराव्या फ्रेटवरचा तिचाच वरचा स्वर मात्र किंचित सरकलेला येतो. फ्रेटवर सतत दाबली जाऊन तारेला बारीक खळगेही पडतात. त्यांवर मात्र काही उपाय नाही.

आपल्या किनारपट्टीवर हे सगळं लवकर होतं. भाद्रपदातला ऑर्केस्ट्रा आठवा. पावसानं ओली झालेली हवा, ताडपत्रीचा मांडव, डोक्यावर तापलेले दिवे, आणि ड्रमच्या शेजारी उभं राहून चार-चार तास वाजवणारा बेसवाला. त्याच्या मनगटावरून घाम सरळ तारांवर उतरतो. काहींचा घाम तर असा असतो की आठवड्याभरात तारांवर काळपट डाग दिसू लागतात. त्याच तारा कोरड्या हवेच्या गावात, कमी घाम येणाऱ्या हातांखाली महिनोन् महिने खणखणीत राहतात. शिवाय बेसच्या चार तारांचा संच साध्या गिटारच्या सहा तारांपेक्षा कितीतरी महाग पडतो. ऑर्केस्ट्रात वाजवून पोट भरणाऱ्याला तारांची काळजी घ्यावीच लागते.

तारांच्या वयाच्या या प्रश्नाला दोन थोर बेसवादकांनी दोन अगदी वेगळी उत्तरं दिली. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन वाजवायचा. हाताशी १९६२ची फेंडर प्रिसिजन बेस गिटार, तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड तारा. त्यांचे वेढे गोल तारेचे नसून चपट्या पट्टीचे होते. अशा तारेला खाचा जवळजवळ नसतात, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि मळाला जागाच मिळत नाही. जेमरसन तार तुटेपर्यंत बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, उजव्या हाताची फक्त तर्जनी, आणि त्यातून निघणारा तो भरीव, आखूड, गोड आवाज. साठच्या दशकातली मोटाउनची कितीतरी गाणी त्या न बदललेल्या तारांवर उभी आहेत. तिथे तारेचं वय हाच आवाजाचा गुण होता.

लंडनच्या ‘द हू’ या रॉक बँडचा जॉन एंटविसल याच्या अगदी उलट टोकाला. त्याला पियानोसारखी झणझणीत, टोकदार तार हवी होती. ‘माय जनरेशन’ या १९६५च्या गाण्याच्या वेळी तो डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक तारांमागे लागला होता. त्या तारा सुट्या मिळत नसत, म्हणून तार तुटली की नवं वाद्यच विकत घ्यावं लागे, असं तो सांगायचा. १९६६मध्ये तो रोटोसाउंड या इंग्लिश कारखान्यात गेला आणि त्याला हव्या तशा गोल वेढ्यांच्या तारा तिथे घडल्या. आज जगभर बहुतेक बेसवर तशाच तारा चढतात. त्यांची ती चमक वेढ्यांच्या खाचांमुळेच येते, आणि मळही त्याच खाचांत बसतो. चमक हवी तर हा खर्चही आलाच.

मला दोघांचंही वाजवणं प्रिय आहे, पण माझं मत तिसरंच आहे. कोऱ्या सुती कापडाला जशी खळ असते तशी नव्या गोल तारेला एक कडक चरचर असते. बोट सरकलं की ती करवादते आणि गायकाच्या शब्दांवर चढते. काही दिवस वाजवल्यावर ती चरचर जाते. मग सुराला अंगही असतं आणि धारही असते, ढोलकीच्या शेजारी बेस ऐकूही येतो आणि टोचतही नाही. लावणीच्या ठेक्याखाली तो हवा, भावगीताच्या अंतऱ्याखालीही हवा. तारेचा हा मधला काळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तारेची जी काही निगा मी राखते ती हा काळ लांबवण्यासाठी. तिला कायम नवी ठेवायची मला हौसच नाही.

तारा उकळणं हा जुना उपाय. सत्तरच्या दशकात परदेशी वादक पैसे वाचवायला तो करत आणि आपल्याकडेही अनेकांनी केला आहे. तारा काढून सैल वेटोळी करायची, रुंद पातेल्यात पाच-दहा मिनिटं उकळायच्या. पाणी गढूळ होतं, मीठ विरघळतं, चिकटा सुटतो. नंतर कडकडीत उन्हात वाळवायच्या. आवाज खरोखर उजळतो, पण थोड्याच दिवसांसाठी, आणि दर खेपेला आधीपेक्षा कमी. टोकाला गुंडाळलेला रंगीत रेशमी धागा खराब होतो. आषाढात तर ऊनच नसतं, वेढ्यांच्या आत ओल राहिली की गंज धरतो. म्हणून मला स्पिरिटचा उपाय बरा वाटतो. लाकडाला पॉलिश करणारे लाख ज्यात विरघळवतात तेच डिनेचर्ड स्पिरिट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. प्लंबरकडून हातभर लांबीपेक्षा बराच मोठा पीव्हीसी पाइप आणायचा, एक तोंड कायमचं बंद करायचं, दुसऱ्याला फिरकीचं झाकण. तारा सरळ आत सोडायच्या, बुडतील इतकं स्पिरिट ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पुसल्या की फडक्यावर काळा पट्टा उमटतो. स्पिरिट पटकन उडून जातं, त्यामुळे गंजाची भीती नाही. त्यात तेलकटपणा चांगला सुटतो, मीठ मात्र फारसं विरघळत नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूरच करावं. स्पिरिट विषारी असतं आणि क्षणात पेट घेतं. थेंब वाद्यावर पडला तर पॉलिश उतरतं, तेव्हा तारा वाद्यावर असताना ते लावूच नये.

दोन्ही उपायांत तारा काढून पुन्हा चढवाव्या लागतात, आणि खुंटीपाशी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती तिथेच कमजोर होते. तेव्हा त्यापेक्षा मळ बसूच न देणं कधीही चांगलं. वाजवण्याआधी साबणाने हात धुवायचे आणि कोरडे करायचे. विशेषतः वडापाव खाऊन थेट मंचावर चढायचं नाही. वाजवून झालं की वाद्य खोळीत घालण्याआधी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार चिमटीत धरून वरून खालून पुसायची. खालची बाजू विसरायची नाही, घाम तिथेच लटकलेला असतो. या दोन मिनिटांइतका फायदा कुठल्याही महागड्या द्रवाचा होत नाही. खोळीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात.

तार चढवतानाच तिचं अर्धं आयुष्य ठरतं. जास्तीची लांबी कापायची असेल तर आधी तार काटकोनात वाकवावी आणि मग वाकल्याच्या पुढे कापावी. सरळ तार कापली तर गाभ्यावरचे वेढे सैल होऊ शकतात आणि नवी तारही पहिल्या दिवसापासून मुकी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, एकावर एक न चढवता खाली उतरत जाणारे.

पॉलिमरचा पातळ थर दिलेल्या तारा आता मिळतात. एलिक्सिर तारा बनवणारी गोअर कंपनी ही गोअर-टेक्स कापडामुळे जगभर ओळखली जाते. थराखाली खाचा झाकल्या जातात आणि घाम आत शिरत नाही. बोटाला त्या जरा निसरड्या लागतात, किंमतही जास्त असते. पण रत्नागिरी-पणजीकडे वाजवणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा.

बाराव्या फ्रेटवरचा स्वर ब्रिज सरकवूनही जुळेना झाला की तारा उतरवायच्या. मी उतरवलेल्या तारा लगेच टाकून देत नाही. ज्या अजून बऱ्या आहेत त्या धुऊन, पुसून, गुंडाळून खोळीच्या खिशात ठेवते. कार्यक्रमात कधी चुकून तार तुटलीच तर कोरी तार बाकीच्या तीन वापरलेल्या तारांमध्ये वेगळी, चिरकी ऐकू येते. तिथे त्याच जाडीची, साधारण त्याच वयाची जुनी तार चढवावी, आणि नव्या संचाचं पाकीट कार्यक्रम नसलेल्या दिवशी, घरी बसून उघडावं.